फरशीचं काम आणि गुडघे: पुढची सूज वेगळी, आतली कळ वेगळी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय ३८, टाइल्स बसवायचं काम, उजव्या वाटीच्या पुढे मऊ फुगवटा, डाव्या गुडघ्याच्या आतल्या बाजूला कळ, उठताना तो गुडघा मधेच अडकतो. दिवसभर नी-कॅप, संध्याकाळी गोळी. इंजेक्शन घ्यावं का आणि काम सोडावं का?

आधी एक गोष्ट मनातून काढून टाका. दोन्ही गुडघ्यांचा आजार एकच नाही, त्यामुळे उपायही एक नाही. उजवा टेकून टेकून बिघडलाय, डावा उकिडवं बसून. टेकल्यावर दुखतं म्हणून कारागीर उकिडवा बसतो, उकिडवं बसून कळ आली की पुन्हा टेकतो. असं करून दोन्ही दुखणी वाढत जातात.

उजव्याचं आधी. वाटी आणि कातडी यांच्यामध्ये एक पातळ पिशवी असते. तिचं काम कातडी सहज सरकू देणं. कडक जमिनीवर वाटी सतत दाबली की ती पिशवी चिडते आणि तिच्यात पाणी धरतं. सूज वाटीच्या बरोबर पुढे, हाताला मऊ, चालताना फारसं दुखत नाही पण टेकलं की कळ, असं असेल तर बहुतेक हेच. यावर खरा उपाय एकच: २-३ आठवडे तो गुडघा जमिनीला लावायचा नाही. काम बंद करायचं नाही, टेकणं बंद करायचं. कापडात गुंडाळलेला बर्फ १५ मिनिटं, दिवसातून ३-४ वेळा. वरून हलकी क्रेप पट्टी. तेल लावून रगडू नका, त्यानं पिशवी आणखी सुजते. घरी सुई टोचून पाणी काढणं तर अजिबात नको. डॉक्टरांनी काढलेलं पाणीसुद्धा टेकणं चालू राहिलं तर पुन्हा भरतं.

फुगवटा लाल झाला, हाताला गरम लागला, ताप आला किंवा एका रात्रीत सूज वाढली, तर जंतुसंसर्ग समजा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. आपल्या कामात वाटीवर खरचटलेलं असतंच, जंतू तिथूनच आत जातात. मधुमेह असेल तर एक दिवसही थांबू नका.

आता डावा. पूर्ण उकिडवं बसल्यावर सांध्यातली गादी मागच्या बाजूला चेपली जाते. त्याच स्थितीत हातात टाइल घेऊन, पाऊल जमिनीवर रोवलेलं ठेवून अंग वळवलं की गादीवर पीळ बसतो. गादी फाटायचं हे मोठं कारण. बिगारी बाजूला टाइल धरून उभा असतो, मिस्त्री बसल्या जागी वळून घेतो, आणि हे दिवसभर चालतं. दोन बाय चार फुटांची एक टाइल १४ किलोच्या आसपास भरते. म्हणून टाइल नेहमी समोरून घ्या, किंवा आधी पाऊल वळवा आणि मग अंग. मोठ्या टाइलला सक्शन कप वापरा. बोटं खाली अडकत नाहीत आणि वाकणंही कमी होतं.

अडकणारा गुडघा हाडांच्या डॉक्टरांना दाखवाच. गादी एक्स-रेत दिसत नाही. झीज किती आहे हे बघायला एक्स-रे उभं राहून काढलेला हवा. एमआरआय गुडघा खरोखर अडकत असेल, पूर्ण सरळ होत नसेल, तेव्हा. पण रिपोर्टात ‘फाटली’ असं दिसलं म्हणून घाईनं दुर्बिणीचं ऑपरेशन ठरवू नका. झिजून फाटलेल्या गादीला बऱ्याचदा व्यायामानं तेवढाच आराम पडतो. गुडघा पूर्ण अडकून बसला असेल तर गोष्ट वेगळी.

नी-कॅपबद्दल स्पष्ट सांगतो: टेकताना तिचा काही उपयोग नाही. ती ताणाची पट्टी आहे, गादी नव्हे. वर ती ओला माल, म्हणजे कालवलेलं सिमेंट-वाळू, शोषून कातडीला चिकटवून ठेवते. ओल्या सिमेंटचा पीएच १२ च्या वर असतो. कातडी भाजते आणि ते काही तासांनी कळतं. गुडघ्यावर स्लरी (सिमेंटचा पातळ घोळ) लागली की लगेच भरपूर साध्या पाण्यानं धुवा, भिजलेली पँट बदला.

त्याऐवजी नी-पॅड घ्या. घेताना अंगठ्यानं जोरात दाबून बघा. पलीकडचा कडकपणा बोटाला लागला तर वाटीलाही लागणार. खालचा पट्टा पोटरीवर बसायला हवा. गुडघ्यामागच्या खळगीत बसणारा पट्टा रक्तप्रवाह आवळतो, मग माणूस तासाभरात पॅड काढून टाकतो. खरबरीत कोब्यावर कडक कवचाचा पॅड, बसवलेल्या पॉलिश टाइलवर मऊ तोंडाचा, नाहीतर तो घसरतो आणि ओरखडे पाडतो. आत वाळूचा एक कण गेला तरी कातडी सोलते, म्हणून जेवणाच्या सुट्टीत काढून झटका. दोन जोड ठेवले तर एक वाळत राहतो. ऑनलाइन घेताना ईएन १४४०४ हे युरोपीय मानक लिहिलेलं आहे का ते पाहा. ते परवडत नसेल तर इंचभर जाडीचा, फूट-दीड फूट लांबीचा ईव्हीए फोमचा तुकडा सोबत सरकवत न्या. तो भिजत नाही आणि पायाला काही बांधावं लागत नाही.

पण पॅडपेक्षा मोठा फरक कामाचा क्रम बदलल्यानं पडतो, आणि याकडे कुणी बघत नाही. खाली बसून होणारी निम्मी कामं उभ्यानं होऊ शकतात. टाइल कापायला अडीच-तीन फूट उंचीचं टेबल लावा, जमिनीवर ग्राइंडर घेऊन बसू नका. माल लांब दांड्याच्या फावड्यानं पसरवा आणि पट्टीनं ओढायलाच खाली बसा. जॉइंट लांब दांड्याच्या रबरी पट्टीनं भरता येतात, आणि नंतरचं पुसणं फडक्याऐवजी मॉपनं. पुसताना अख्खी खोली बसून सरकावं लागतं, गुडघ्याला सगळ्यात महाग पडणारं काम तेच. टाइलचा गठ्ठा जमिनीवर नको, फूटभर उंचीवर ठेवा. दोन बाय दोनचा चार टाइलांचा बॉक्स २७-३० किलोचा असतो, तो दोघांनी उचला.

खाली बसावंच लागेल तिथे ६-८ इंच उंचीचा पाट घ्या. त्यावर बसून एक पाय पुढे लांब सोडायचा, थोड्या वेळानं पाय बदलायचा. एवढ्या उंचीनंही गुडघा पूर्ण दुमडत नाही. दर अर्ध्या तासाला उठून कापणं, मोजणं, दोरी धरणं यांपैकी काहीतरी करा. स्क्वेअर फुटाच्या रेटवर काम असलं की हे जिवावर येतं, हे मान्य. पण उठून करायची कामं तशीही करायचीच असतात, फक्त ती मधेमधे पेरायची.

व्यायाम रोज, संध्याकाळी आंघोळीनंतर. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून मांडी आवळा, ५ ते १० सेकंद धरा, १० वेळा. मग उताणं झोपून एक पाय सरळ ठेवून फूटभर उचला, ५ सेकंद धरा, १० वेळा, असे ३ फेरे. कुशीवर झोपून वरचा पाय उचलणंही तितकंच, कारण कमरेच्या बाजूचा स्नायू ढिला असला की गुडघा आत झुकतो. आठवड्यानंतर भिंतीला पाठ टेकवून थोडंसं खाली सरका, पूर्ण बैठक नको. करताना थोडं दुखलं तर चालेल, दुसऱ्या सकाळपर्यंत ते शमलं पाहिजे. शमलं नाही तर संख्या कमी करा. फरक पडायला ६ ते १२ आठवडे लागतात, दहाव्या दिवशी सोडून देऊ नका. वजन जास्त असेल तर एक किलो उतरलं की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी घटतो.

रोजची गोळी मात्र थांबवा. उन्हात, पाणी कमी पिऊन, उपाशीपोटी घेतलेली पेनकिलर पोटाला आणि मूत्रपिंडाला घातक. डायक्लोफिनॅकचं जेल आधी वापरून बघा, पण फुटलेल्या कातडीवर नाही. बिनलेबलाच्या ‘सांधेदुखीच्या पुड्या’ घेत असाल तर डॉक्टरांना तसं सांगा. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडलेलं आहे. महिनोन्‌महिने घेतलेलं स्टेरॉइड अचानक बंद करणंही धोक्याचं असतं.

इंजेक्शनचं: उजवीकडे संसर्ग नाही याची खात्री होईपर्यंत स्टेरॉइडची सुई नको. डावीकडे डॉक्टरांनी सांगितलं तर एखादं घ्यायला हरकत नाही, पण दुखणं थांबलं म्हणून दुसऱ्या दिवसापासून तसंच उकिडवं बसलात तर गादीची झीज चालूच राहील. आणि दर दोन महिन्यांनी सुई असा रतीब तर लावूच नका, वारंवारच्या स्टेरॉइडनं कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचा गुळगुळीत थर, खराब होते.

काम सोडायची गरज आत्ता दिसत नाही. पुढचे दीड-दोन महिने भिंतीच्या टाइल्स म्हणजे डॅडोची कामं जास्त घ्या, जमिनीलगतच्या दोन-तीन ओळी जोडीदाराला द्या. उजवी सूज पूर्ण उतरल्यावर टेकणं सुरू कराल ते पॅड घालून आणि एका वेळी १० मिनिटं. आठवडाभर सूज परतली नाही तर वेळ वाढवा. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाची नोंदणी नसेल तर याच काळात करून घ्या, मागच्या वर्षातल्या ९० दिवसांच्या कामाचा दाखला लागतो. ठेकेदाराकडून तो आत्ताच मागून ठेवा, साइट संपल्यावर माणूस सापडत नाही.