तीन वाजले की गाडी थांबवा

गाडीतच झोपायचं, गाडीतच स्वयंपाक करायचा आणि टूरिस्ट जात नाहीत अशा डोंगरातून फिरायचं, यावर मागच्या अंकात लिहिलं तर प्रश्नांचा ढीगच आला. त्यातले थोडे घेतलेत, बाकीचे पुढे कधीतरी.

प्रश्न: ताई, गर्दी नसलेली जागा शोधायची कशी? नेटवर 'सिक्रेट' म्हणून सांगितलेल्या जागी धडपडत पोचलो तर आमच्या आधी अकरा गाड्या उभ्या!

जिला कोणीतरी सिक्रेट म्हणालं ती जागा गेलीच समजा. मी जागा शोधत नाही, दरी शोधते. म्हणजे जो फेमस तलाव किंवा खिंड असते ना, तिच्या शेजारची दरी, जिच्या टोकाला बघण्यासारखं काहीच नाही, रस्ता नुसता संपतो. तिथे कोणी जात नाही कारण फोटो कशाचा काढणार. उंचीच्या रेषा दाखवणारा नकाशा घ्या, रेषा एकमेकींना चिकटल्या असतील तर तिथे कडा आहे, लांब लांब असतील तर सपाटी, आणि तो आधीच डाऊनलोड करून ठेवा कारण तिथे रेंज नसते. सॅटेलाइट फोटोत गाडी वळवायला जागा दिसते का तेही बघा. मी एकदा बघितलं नव्हतं, दीड-दोन किलोमीटर रिव्हर्समध्ये आले, मान अजून कुरकुर करते.

वाटेत मेंढपाळ भेटला तर "रस्ता चालू आहे का" असं विचारू नका, लोक भिडेखातर हो म्हणतात. "काल इथून कोणती गाडी गेली?" असं विचारा. मग खरं कळतं.

प्रश्न: ओढ्याकाठी मुक्काम केला तर पाण्याची सोय होते, मग सगळे नको का म्हणतात? आणि पुढे तोच ओढा गाडीने ओलांडायचा असेल तर?

याचं उत्तर जरा लांबणार आहे कारण इथे मी स्वतः तोंडघशी पडलेय. वर हिमनदी असलेल्या एका ओढ्याच्या काठी सकाळी अकराला आम्ही तंबू लावला, पाणी घोट्याएवढं, छान वाळू, आणखी काय पाहिजे. संध्याकाळी पाचला आवाज बदलला. आधी नुसती खळखळ होती, आता आतून ठक ठक असे दगड आपटल्यासारखे आवाज यायला लागले आणि पाणी चहासारखं गढूळ. ते खरंच दगडच असतात, प्रवाह ते तळावरून ढकलत नेत असतो. तंबू उचलून वर पळालो, एक चप्पल गेली.

कारण अगदी साधं आहे, दिवसभर ऊन लागून वर बर्फ वितळतं आणि ते पाणी खाली पोचेपर्यंत दुपार-संध्याकाळ होते. म्हणून हिमनदीचा ओढा पहाटे सगळ्यात कमी असतो, संध्याकाळी सगळ्यात जास्त. वर कुठे पाऊस झाला तर तुमच्या डोक्यावर निळं आकाश असतानाही लोंढा येऊ शकतो, त्यामुळे कोरड्या पात्रात तर मुळीच झोपायचं नाही. काठावर पाण्याला टेकून एक दगड ठेवायचा आणि दहा मिनिटांनी बघायचं, दगड बुडाला म्हणजे पाणी चढतंय.

ओलांडायचंच असेल तर सकाळी, आणि जिथे पात्र रुंद आहे तिथे. अरुंद जागा सोपी वाटते पण तेवढंच पाणी तिथे खोल आणि जोरात असतं. जिथून चालत जायची हिंमत होत नाही तिथे गाडी घालू नका. मधेच इंजिन बंद पडलं तर पुन्हा पुन्हा स्टार्टर मारू नका, पाणी आत ओढलं गेलं तर इंजिनच बसतं. पलीकडे गेल्यावर ओले ब्रेक दोन-चार वेळा हलके दाबून वाळवायचे.

प्रश्न: पहिल्याच रात्री डोकं भयंकर दुखलं, उलटी झाली. तब्येत तर एकदम फिट आहे, मग असं का?

फिटनेसचा इथे काही संबंध नाही. चालणारा माणूस दमून आपोआप हळू चढतो, गाडी मात्र तुम्हाला दोन तासात वर नेऊन ठेवते आणि शरीर खालीच राहतं, विरळ हवेची सवय व्हायला त्याला वेळच मिळत नाही. साधारण 5,500 मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्मा होतो, 3,500 लाही फरक चांगला जाणवतो. नियम असा, की 3,000 मीटरच्या वर झोपायची उंची एका रात्रीत 500 मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस तिथेच काढायचा. दिवसा उंच खिंड पार केली तरी चालेल, झोपायला खाली या. डोकं दुखत असताना आणखी वर जायचं नाही. बसल्या जागी धाप लागली, तोल जायला लागला, बोलणं विचित्र झालं तर सकाळची वाट न बघता लगेच खाली निघायचं आणि गाडी दुसऱ्याने चालवायची. उंची बाधू नये म्हणून घ्यायच्या गोळ्यांचं निघायच्या आधी डॉक्टरांना विचारा, मला नको.

प्रश्न: थंडीत गॅस पेटत नाही. गाडीच्या आत शेगडी लावली तर ऊबही मिळेल ना?

नाही. नाही म्हणजे नाहीच. बंद गाडीत कार्बन मोनॉक्साईड साठतो, त्याला ना वास ना रंग, झोपलेला माणूस उठतच नाही. काच बोटभर उघडी ठेवली की झालं, असं म्हणणारे भेटतील, ऐकू नका. गॅस पेटत नाही कारण साधा ब्युटेन शून्याच्या आसपास वायूच होत नाही, प्रोपेन मिसळलेला सिलेंडर घ्या. ऊब हवी तर जाड मॅट घ्या, अर्धी थंडी खालूनच येते. आणि दरीच्या अगदी तळाशी झोपू नका, रात्री थंड हवा उतरून तिथेच साचते, वीस-तीस मीटर वर सरकलं तरी फरक कळतो.

प्रश्न: उतारावर ब्रेकचा जळका वास येतो, नॉर्मल आहे का?

नाही. ज्या गिअरवर तो घाट चढला असतात त्याच गिअरवर उतरा, इंजिनलाच गाडी धरू द्या. वास आला की थांबा आणि ब्रेक आपोआप गार होऊ द्या, पाणी ओतू नका. ब्रेक ऑईल हवेतला ओलावा शोषतं आणि मग लवकर उकळतं, पेडल मऊ लागतं, तेव्हा जुनं असेल तर जायच्या आधी बदला.

प्रश्न: दुपारी छान जागा दिसते पण नवरा म्हणतो अजून अर्धा तास जाऊ, पुढे याहून भारी असेल. रोज अंधारात तंबू लावतोय, रोज भांडण. काय करू?

हे पत्र वाचून आमच्या घरात कोणीतरी हसलं, कोण ते सांगत नाही. डोंगरात सूर्य मावळायच्या खूप आधी कड्याआड जातो आणि तो अर्धा तास नेहमी दीड तासाचा होतो. आमच्याकडे आता ठरलंय, गाडीत ज्याला थांबायचंय त्याचं मत दोन धरायचं. तीनला थांबलं की उजेडात जागा नीट बघता येते, जमिनीवर ताज्या फुटलेल्या धारदार कडांचे दगड पडलेत का (असतील तर वरून अजून येणार, हलायचं), वारा कुठून येतोय, सकाळी ऊन कुठे पडेल, आणि जागा पटली नाही तर दुसरी शोधायला वेळही उरतो. साडेतीनला जाम कंटाळा येतो हे मात्र खरंय, तेव्हा नवऱ्याच्या हातात फावडं द्या आणि पाण्यापासून निदान साठ मीटर लांब, वीतभर खोल, शौचाचा खड्डा खणायला पाठवा.