ग्रामपंचायतीने वाचनालयाची मदत बंद केली, आता काय करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या तुमच्या गावात एकच मंडळ वाचनालय आणि तालीम चालवतं. ग्रामपंचायत दरवर्षी थोडी रक्कम द्यायची, यंदा ‘फंड नाही’ म्हणून हात वर केले. मराठी मंडळ म्हणून डावललं का, आणि पुढे काय करायचं?

मी बेळगाव तालुक्यातल्या अशाच एका वाचनालयाचा हिशेब बघतो, म्हणून लिहितोय.

आधी एवढंच विचारून या की बाकीच्यांचं काय झालं. भजनी मंडळ, महिला मंडळ, कन्नड संघ, सगळ्यांचंच कापलं असेल तर भाषेचा संशय बाजूला ठेवा. आपल्याकडे प्रत्येक नकारात 1956 दिसतं, म्हणजे हा भाग आताच्या कर्नाटकात घातला ते साल, आणि ते उगाच नाही. पण पैशाचं भांडण भाषेचं केलं की पंचायतीत आपल्या बाजूने बोलू शकणारे कन्नड सदस्यही गप्प बसतात. फक्त तुमचंच कापलं असेल तर तोंडी वाद घालू नका, माहिती अधिकारात दहा रुपये भरून कुणाला किती दिले याची यादी मागा. कर्नाटकात हा अर्ज एकाच विषयाचा आणि 150 शब्दांच्या आत लागतो, त्यात सीमाप्रश्नाचा इतिहास बसत नाही. कन्नडमधून द्या, किंवा मराठी प्रतीसोबत कन्नड प्रत जोडा. टेबलावर पडून राहण्याचं एक निमित्त तरी कमी होतं.

आता ‘फंड नाही’ म्हणजे काय ते बघू. पंचायतीकडे पैसे येतात, पण बरेचसे बांधलेले असतात. केंद्राच्या 15व्या वित्त आयोगाच्या 2021 ते 2026 या काळातल्या मूळ अनुदानातला 60 टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठीच ठेवलेला होता. उरलेले 40 टक्के मोकळे म्हणायचे खरे, पण त्यातून पगार आणि आस्थापनेचा खर्च करता येत नव्हता. म्हणजे वॉटरमनच्या पगारासारख्या खर्चाचा भार गावाच्या स्वतःच्या उत्पन्नावर, घरपट्टी-पाणीपट्टीवरही येतो. तुमची मदतही त्याच डब्यातून निघायची. घरपट्टी थकली की पहिली कात्री लागते ती ज्या खर्चाला कायद्याची सक्ती नाही त्याला. वॉटरमनला थांबवलं तर दुसऱ्या दिवशी बायका घागरी घेऊन पंचायतीत येतात. वाचनालयासाठी कोण येणार?

ग्रंथालय उपकराचंही सांगतो, कारण ही आशा बऱ्याच जणांना असते. 1965 च्या कायद्याने कर्नाटकात मालमत्ता कराबरोबर 6 टक्के उपकर घेतात, पण तो सरकारी ग्रंथालयांसाठी. आपल्यासारख्या मंडळाच्या वाचनालयाला त्यातून हक्काने काही मिळत नाही. वर जिल्हा आणि तालुका पंचायतीत जावं, तर त्यांची मुदत 2021 मध्ये संपली आणि निवडणुका लांबतच गेल्या. सदस्याला गाठून काम करून घ्यायची जुनी वाट तिथेच अडली.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: रोख रक्कम मागणं सोडा, खोली आणि वीज मागा. पंचायतीच्या मालकीची खोली बिनभाड्याने आणि बिल पंचायतीच्या नावावर, असा ठराव करून घ्या. रोख रक्कम दर मार्चला नव्याने मागावी लागते, ठराव मात्र मोडायला कुणालातरी बैठकीत हात वर करावा लागतो. ही मागणी बजेट ठरायच्या आधीच्या ग्रामसभेत ठेवा. जाताना वहीच्या झेरॉक्स न्या: रोज किती माणसं बसतात, त्यातली भरतीची आणि बँकेच्या परीक्षांची पोरं किती. आमच्याकडे पीडीओंनी (पंचायत विकास अधिकाऱ्यांनी) अर्ज न वाचताच बाजूला ठेवला होता, सह्यांची वही मात्र उलटून पाहिली. त्यात त्यांना ओळखीची आडनावं दिसली असावीत!

पेपरचं बिल आणि पुस्तकं लोकवर्गणीतून भागतात. आपल्या भागातली छोटी साहित्य संमेलनंही कितीतरी वर्षं गावोगाव तशीच उभी राहतात. गावातल्या पतसंस्थेच्या धर्मादाय निधीसाठी अर्ज करा. पुण्या-मुंबईतल्या, गोव्यातल्या पोरांना गणपतीत गाठा, आणि पावती तिथल्या तिथे फाडून द्या, नंतर देतो म्हटलं की गेलं. कंपन्यांच्या सीएसआरमागे, म्हणजे समाजकार्यासाठी त्या देतात त्या पैशामागे, मात्र आत्ता लागू नका. त्याला संस्थेची नोंदणी, आयकर खात्याची 12ए नोंदणी, सीएसआर-1 हा फॉर्म आणि दरवर्षीचं ऑडिट लागतं, सीएची फी मदतीपेक्षा जड व्हायची. सोसायटी कायद्याखाली मंडळाची नोंदणी झाली नसेल तर ती तेवढी करून घ्या, बँक खातं काढायला सोपं जातं.

तालमीची काळजी त्या मानाने कमी. जत्रेतल्या कुस्त्यांना आपल्याकडे पैसे आपसूक जमतात. त्यातला काही भाग वाचनालयाकडे वळवायला पैलवानांना तयार करा, मी सांगितलेल्यातलं सगळ्यात अवघड काम तेच आहे.