पॅरालिसिसच्या झटक्यानंतर वडील दिवसभर थकलेले असतात, हा आळस आहे का?

तुम्ही लिहिलंय की वडिलांना झटका येऊन चार महिने झाले, काठी घेऊन चालतात, रिपोर्ट ठीक आहेत, तरी थोडं काही केलं की आडवे होतात आणि घरचे त्यांना आळशी म्हणतात.

आळस नाही हो. हाच शब्द मी माझ्या बाबांना ऐकवला होता आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं.

आम्ही ठाण्याला नौपाड्यात राहतो. बाबांच्या मेंदूत डाव्या बाजूला गुठळी अडकली, त्यामुळे उजवं अंग गेलं. घरी आणल्यावर एका सकाळी ते शर्टाची बटणं लावत होते. डाव्या हाताने काजं धरायचं, उजव्या अंगठ्याने बटण आत ढकलायचं, ते घसरायचं, पुन्हा पहिल्यापासून. ओठ घट्ट मिटलेले, कपाळावर घाम. शेवटचं बटण लागलं आणि ते तसेच पलंगावर आडवे झाले. मी म्हणालो, "बाबा, आता आळस नका करू." ते काहीच बोलले नाहीत.

नंतर फिजिओथेरपीच्या ताईंनी मला समोर बसवून समजावलं. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण शरीराच्या एकूण ऊर्जेतली सुमारे २० टक्के तो एकटा वापरतो. आणि साठा जवळजवळ शून्य. हातावर पोट असलेल्या घरासारखं, रक्तातून ऑक्सिजन आणि साखर येईल तशी खर्च करायची. पेशींमधलं सोडियम बाहेर काढत राहणारे पंप या ऊर्जेवरच चालतात. रक्त थांबलं की ते काही मिनिटांत बंद पडतात, पेशी सुजतात, मरतात. भोवतालचा भाग मात्र काही तास अर्धपोटी तग धरून असतो. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यायचं ते याच भागासाठी.

मला सगळ्यात पटलेली गोष्ट पुढची. मार लागलेल्या जागेशी जोडलेले लांबचे भागही मंदावतात, त्यांचा साखरेचा वापर कमी होतो. डाव्या बाजूच्या झटक्यानंतर उजवा लहान मेंदूसुद्धा थंडावलेला दिसू शकतो. म्हणजे यंत्रणा आधीच मंद, आणि पूर्वी आपोआप होणारं काम आता लक्ष देऊन, मेंदूचे जास्त भाग कामाला लावून करायचं.

चालण्याचंही तेच. पाऊल उचलत नाही म्हणून कंबर वर खेचून पाय अर्धगोल फिरवत टाकावा लागतो, तेवढ्याच अंतराला कितीतरी जास्त शक्ती जाते. तलावपाळीला कोपिनेश्वराच्या देवळापाशी कोणी "कसं काय?" विचारलं की बाबा आधी थांबायचे, मगच उत्तर द्यायचे. चालणं आणि बोलणं एकदम जमायचंच नाही.

आम्ही एवढंच बदललं: व्यायाम सकाळी, आंघोळ त्यानंतर दोन तासांनी, आणि दमायच्या आधीच विश्रांती. पूर्ण झोपवून मात्र ठेवू नका, स्नायू आणखी झडतात. जेवताना टीव्ही बंद ठेवला, त्याचाही फरक पडला.

तरी डॉक्टरांना एकदा स्पष्ट विचारा. हिमोग्लोबिन, थायरॉइड, रात्री घोरताना श्वास अडकणं, बीपीच्या गोळ्या, मनाची उदासी, यातलं काहीही थकवा वाढवू शकतं. उदासी बहुतेक घरांत कोणी विचारतच नाही, आमच्याकडेही उशिराच लक्षात आली. गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका.

हा थकवा रोजचा असतो. पण अचानक तोंड वाकडं झालं, हात गळून पडला, बोलणं अडखळलं, तर "दमले असतील" म्हणून झोपू देऊ नका. लगेच १०८ ला फोन लावा आणि ते शेवटचे व्यवस्थित कधी दिसले ती वेळ लिहून घ्या, दवाखान्यात पहिल्यांदा तीच विचारतात.