डिसेक्शन हॉलमधली चक्कर आणि न आठवणारा प्लेक्सस

प्रश्न : एमबीबीएसला प्रवेश घेऊन तीन आठवडे झाले. सकाळी चहा घेऊन निघते. डिसेक्शन हॉलमध्ये, म्हणजे मृतदेहांचं विच्छेदन शिकतो तिथे, दोनदा चक्कर आली, मुलं हसली. ब्रेकियल प्लेक्सस (मानेतून हातात जाणाऱ्या नर्व्हजचं जाळं) चार वेळा वाचूनही वायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, तोंडातून शब्द फुटला नाही. आई म्हणते, "झेपत नसेल तर बघ बाई." काय करू? (लोकमान्यनगर, इंदूर)

उत्तर : आधी चक्कर, कारण ती लवकर आटोक्यात येते. पोटात नुसता चहा आणि तासभर गुडघे ताठ करून एका जागी उभं राहणं, मग रक्त पायांत साठणार आणि डोळ्यांपुढे अंधारी येणारच. यात भित्रेपणा कुठे आला? निघताना बशीभर पोहे खा, पाणी पी, उभी असताना टाचा वरखाली करत राहा. घाम फुटला, कानात गुंई झालं की तिथेच खाली बस. स्टूल शोधायला गेलेलीच डोकं आपटून घेतात. आणि हसणारे टेबलापासून किती लांब उभे असतात, तेही एकदा बघ!

मृतदेह टिकवायच्या फॉर्मलिनने डोळे चुरचुरतात, म्हणून कॉन्टॅक्ट लेन्स नको, चष्मा लाव. ग्लव्हज पातळ लॅटेक्सपेक्षा नायट्राइलचे बरे. अ‍ॅप्रन घरच्या कपड्यांत धुऊ नकोस.

आता प्लेक्सस. चार वेळा वाचलास, तिथेच चुकलं. नीटला चार पर्यायांतून उत्तर ओळखायचं होतं, वायव्हात पर्यायच नसतात. पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर काढ : सी ५ ते टी १ (मानेची पाचवी ते छातीची पहिली नर्व्ह) असे पाच रूट, तीन ट्रंक, सहा डिव्हिजन, तीन कॉर्ड, पाच टोकाच्या शाखा. अडलीस तिथे लाल खूण कर आणि तेवढंच उघडून बघ. दोन मिनिटांत न अडता येईपर्यंत रोज एकदा.

दुसऱ्या दिवशी टेबलावर उलटीकडून शोध. काखेत अ‍ॅक्झिलरी आर्टरीच्या (काखेतल्या धमनीच्या) पुढ्यात नर्व्हजचा इंग्रजी 'एम' दिसतो. मधला पाय मीडियन, बाहेरचा मस्क्युलोक्युटेनियस, आतला अल्नर. तो धरून मानेकडे सरकत जा. चरबी काढताना स्कॅल्पेल नको. बोथट फोर्सेप्स नर्व्हच्या लांबीच्या दिशेने चालव. आडवं ओढलं की बारीक शाखा तुटते, आणि ती मग वर्षभर कुणालाच दिसत नाही.

वायव्हात ह्यूमरस, म्हणजे दंडाचं हाड, हातात दिला तर आधी बाजू ठरव, उजवी की डावी : हेड (गोल टोक) वर आणि आतल्या अंगाला, ओलेक्रेनन फोसा (कोपराकडचा खोलगट खड्डा) मागे. बाजू चुकली की पुढचं सगळं चुकतं.

चक्करच्या भीतीने दांड्या मात्र मारू नकोस. हजेरी थिअरीला ७५ आणि प्रॅक्टिकलला ८० टक्के लागते.

शब्द फुटत नाही, कारण ते इंग्रजी वाक्य तू कधी मोठ्याने म्हटलेलंच नसतं. समजून मराठीत घे, उत्तर इंग्रजीत बोलून बघ. आईला सांगून ठेव : रात्री आठ ते नऊ खोलीचं दार लोटलेलं असेल, आतून एकटीची बडबड ऐकू आली तरी पाहुण्यांना भेटायला हाक मारायची नाही.