ऑफिसात मी एकटाच ख्रिस्ती आहे, प्रचार न करता नुसत्या वागण्यातून साक्ष कशी द्यायची?

तुम्ही लिहिलंय की इंदूरला विजयनगरच्या ऑफिसात नवीन नोकरी लागलीय, सगळ्या स्टाफमध्ये तुम्ही एकटेच ख्रिस्ती, आणि पाळकसाहेब म्हणतात की आपलं जीवन लोकांना दिसलं पाहिजे, तीच आपल्या विश्वासाची साक्ष, तर नेमकं करायचं काय, टेबलवर बायबल ठेवायचं का, स्टेटसला रोज वचन टाकायचं का. मी इंदूरचाच, आजोबा अहमदनगरकडून इथे आले, शाळेपासून नोकरीपर्यंत बहुतेक ठिकाणी मीही एकटाच होतो, म्हणून मनापासून लिहितोय.

माझं मत विचाराल तर लोक आपला विश्वास दोनच ठिकाणी तपासतात, पैशाच्या व्यवहारात आणि आपल्या हाताखालच्या माणसाशी आपण कसं वागतो त्यात. बाकी गोष्टी नंतर. बॉसशी सगळेच गोड बोलतात हो, त्यात काय साक्ष आहे?

आमच्या चर्चच्या मंडळीतले एक काका सियागंजात एका किराण्याच्या होलसेल पेढीवर मुनीम होते. लहानपणी सुट्टीत मी त्यांच्याकडे जाऊन बसायचो. एकदा साखरेचं पोतं फाटलं, बरीच साखर सांडली आणि शेठ म्हणाले हम्मालाच्या खात्यावर टाका. काकांनी पेन खाली ठेवलं, चप्पल घातली आणि ट्रककडे गेले. ट्रकच्या फाळक्याला आतून एक खिळा वर आलेला होता आणि त्याला पोत्याचा धागा अजून लटकत होता. त्यांनी शेठला बोलावून तो धागा दाखवला, एवढंच, आवाज चढवला नाही की वचन सांगितलं नाही. शेठ चिडले, पण हम्मालाचे पैसे काही कापले गेले नाहीत. पुढे पुढे ते हम्माल लोक आपली बचत काकांकडेच ठेवायला लागले, घरी ठेवली तर दारूत जायची म्हणून, आणि काकांनी त्यासाठी एक वेगळी डायरी केली होती, प्रत्येकाचं पान वेगळं, रक्कम लिहायची, वाचून दाखवायची आणि मग अंगठा घ्यायचा. वाचून दाखवल्याशिवाय अंगठा घेतलेला मी कधी पाहिला नाही. आणि त्यातलेच लोक मग चहा पिताना विचारायचे, "मुनीमजी, आप पूजा किसकी करते हो?" तेव्हा काका सांगायचे, येशूची, दोन वाक्यांत, आणि परत वहीत डोकं घालायचे.

पेत्राच्या पहिल्या पत्रात (३:१५) हाच क्रम आहे बघा, तुमच्या आशेबद्दल जो कोणी विचारेल त्याला उत्तर द्यायला तयार राहा, आणि तेही सौम्यपणे. म्हणजे आधी कुणीतरी विचारावं असं आपल्या जगण्यात काहीतरी हवं ना. आपण बरेचदा न विचारलेल्या प्रश्नाची उत्तरं देत फिरतो. पण विचारल्यावर गप्प बसायचं किंवा विषय बदलायचा, हेही मला पटत नाही, तो भित्रेपणा आहे.

तुमचा गोंधळ कुठे होतोय तेही कळतंय मला. मत्तय ५:१६ मध्ये येशू म्हणतो तुमचा प्रकाश लोकांपुढे पडू द्या आणि त्याच डोंगरावरच्या प्रवचनात थोडं पुढे ६:१ मध्ये म्हणतो की लोकांनी बघावं म्हणून धर्माचरण करू नका, मग करायचं काय? मला वाटतं फरक कौतुक कुणाकडे जातं यात आहे. पहिल्यात लोक स्वर्गातल्या बापाचा गौरव करतात, दुसऱ्यात आपलीच वाहवा होते. जे काम कुणी बघत नसतानाही तुम्ही तसंच केलं असतं ते दिसलं तर दिसू द्या, लपवायची गरज नाही.

आपल्याच भागातलं उदाहरण द्यायचं तर राणी मारिया. आम्ही प्रोटेस्टंट, त्या कॅथलिक सिस्टर, पण त्यांचं नाव घेताना मला असा काही फरक वाटत नाही. केरळच्या, पण देवास जिल्ह्यात उदयनगरला राहून भूमिहीन मजुरांना सावकाराच्या कचाट्यातून सोडवायला त्यांनी बचत गट आणि बँकेच्या कर्जाचं काम केलं, आणि सावकारांच्या त्याच रागातून २५ फेब्रुवारी १९९५ ला इंदूरकडे येणाऱ्या बसमध्ये त्यांचा खून झाला. नंतर त्यांची सख्खी बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, जेलमध्ये जाऊन त्या खुन्याला राखी बांधून आली. राखी म्हणजे काय हे आपल्या भागात कुणाला समजवावं लागतं का? ४ नोव्हेंबर २०१७ ला इंदूरलाच कॅथलिक चर्चने राणी मारियांना धन्य घोषित केलं, म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी. ऑफिसात आपल्याला एवढं मोठं काही करायची वेळ येणार नाही, पण ज्याने आपल्याबद्दल बॉसकडे चुगली केली त्याच्या घरी आजारपण आलं तर त्याची शिफ्ट आपण घ्यायची, हे तर जमू शकतं.

एक गोष्ट मात्र फार जपा, मदत आणि धर्म कधी एकत्र बांधू नका. मध्य प्रदेशात १९६८ पासून धर्म स्वातंत्र्याचा कायदा आहे, २०२१ ला नवीन आला, आमिष दाखवून धर्मांतर करणं गुन्हा आहे. पण कायदा नसता तरी मी हेच म्हणालो असतो. लूक १७ मध्ये येशूने दहा कुष्ठरोग्यांना बरं केलं आणि परत येऊन आभार मानणारा एकच निघाला, तर बाकी नऊ जणांचा रोग काही त्याने परत दिला नाही! कुणाला उसने पैसे दिले, कुणाच्या पोराला गणित शिकवलं, तर ते तिथेच संपलं, त्या बदल्यात रविवारी चर्चला ये असं म्हणायचं नाही.

आणि चुकलात तर ज्याचं नुकसान झालं त्याच्यासमोर कबूल करून भरून द्या. लूक १९ मधला जकातदार जक्कय नुसता सॉरी म्हणाला नव्हता, चौपट परत करतो म्हणाला.

घरात कुणी विश्वासात नसेल तर त्यांना वेळ लागेल, तेही धरून चाला. कवी ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी काही वर्षांनी, आणि तोही स्वतःला पटल्यावर. घरातलं माणूस आपल्याला सकाळ-संध्याकाळ बघतं, त्याला भाषणाने काही होत नाही.

आता तुमचे दोन प्रश्न. बायबल वाचत असाल तर टेबलवर ठेवा, लंचमध्ये पाच मिनिटं वाचा, नुसतं दिसायला ठेवणार असाल तर बॅगेतच राहू द्या. स्टेटसला वचन टाकायला हरकत काहीच नाही, पण ऑफिसच्या ग्रुपवर नको, तिथे कुणी मागितलेलं नाही. आणि जॉइन झाल्या झाल्या एवढं करा, ऑफिसात चहा देणाऱ्या भैयाचं नाव विचारून घ्या, त्याच्याकडची आपली उधारी महिन्याच्या एक तारखेला न मागता चुकती करा. नाताळला करंज्या-शंकरपाळ्यांचा डबा नेलात तर पहिला त्याच्यापुढे धरा, बॉसच्या केबिनमध्ये नंतर.