गाडीचं दुखणं: जिप्सीचे बॉडी माउंट सडलेत, नुसते रबर बदलून भागेल का?

प्रश्न: नमस्कार काका, आमच्याकडे बाबांची १९९८ची जिप्सी किंग आहे, सॉफ्ट टॉप. गुहागरला राहतो, समुद्र घरापासून चालत पाच मिनिटं. बाबा आता चालवत नाहीत, मीच चालवते. गेल्या पावसाळ्यापासून खड्ड्यात गेली की मागून धप्प असा आवाज येतो आणि ड्रायव्हरकडचा दरवाजा जरा वर उचलून लावावा लागतो. एका गॅरेजवाल्याने सांगितलं बॉडी रबर गेलेत, नवीन टाकू, अर्ध्या दिवसाचं काम. दुसऱ्याने पाना लावला तर बोल्ट नुसता जागेवर फिरतोय, आणि त्याने बोटाने दाबलं तर पत्रा आत गेला. तो म्हणतो विकून टाका ताई, यात पैसे घालू नका. बाबा विकायचं नाव काढू देत नाहीत. खरं काय धरायचं?
(एक वाचक, गुहागर)

उत्तर: ताई, दोघंही अर्धं अर्धं खरं बोलतायत. रबर गेलेच असणार, पण ते गेले म्हणून पत्रा सडलेला नाही, पत्रा सडला म्हणून रबरला बसायला जागा राहिली नाही. सडक्या पत्र्यावर नवीन रबर टाकलं तर दोन महिने आवाज बंद होईल आणि मग पुन्हा धप्प. आणि विकायची घाई कशाला, जिप्सीची बॉडी वेगळी आणि चेसिस, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, वेगळा, त्यामुळे हे काम करता येण्यासारखं आहे, फक्त शिस्तीत करायला लागतं.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. अशा गाड्यांत शिडीसारखी चेसिस असते, तिला बाजूला ब्रॅकेट निघालेले असतात, त्यांच्यावर जाड रबराच्या चकत्या आणि त्यावर बॉडी. मधून एक लोखंडी नळी आणि त्यातून बोल्ट. या सगळ्या जोडाला बॉडी माउंट म्हणतात. बऱ्याच जुन्या गाड्यांत त्या बोल्टचा नट बॉडीच्या आत वेल्ड करून बसवलेला असतो, तो सुटला की तुमच्यासारखं होतं, बोल्ट फिरत राहतो पण सुटत नाही. त्या नटाभोवती पत्रा डबल असतो, म्हणजे एकावर एक दोन थर, आणि गंजाचं खरं घर तिथेच. दोन पत्र्यांच्या फटीत पाणी शिरतं ते वाळतच नाही. त्यात गंजाला लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, त्यामुळे तो आतून फुगत फुगत दोन पत्रे एकमेकांपासून लांब ढकलतो, पापडासारखे पापुद्रे सुटतात ते त्यामुळेच.

आणि गुहागर म्हणजे काय विचारायलाच नको. तुम्ही गाडी पुळणीवर नेत नसाल (नेत असाल तर आजपासून बंद, गाडी रुतते ती वेगळीच, आणि पोलीसही कारवाई करतात) तरी खारं वारं आहेच. पावसाळ्यात आपण मिठाच्या बरणीत तांदळाचे दाणे टाकतो ना, तसंच आहे हे, हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःच पाणी ओढून ओलं होतं. चेसिसवर मिठाचा थर बसलेला असेल तर गाडी शेडमध्ये कोरडी उभी आहे असं तुम्हाला वाटतं, खाली मात्र ती ओलीच असते. वर आपली लाल माती, ती ब्रॅकेटच्या कोपऱ्यात एकदा चिकटून बसली की पोटिसासारखी ओल धरून ठेवते.

आता काम सुरू करायच्या आधी बघायचं काय. सीट काढा, मॅट आणि त्याखालचं फोम किंवा गोणपाट जे काही असेल ते सगळं बाहेर. मग लहान हातोडी घेऊन प्रत्येक माउंटच्या आजूबाजूला वीतभर भागात ठोकत जायचं. चांगला पत्रा टण्ण वाजतो, सडलेला भद्द वाजतो. शंका आली तिथे स्क्रू ड्रायव्हर टोचून बघा, लाजायचं नाही, आज भोक पडणार असेल तर ते आधीच पडलेलं होतं. पुढच्या सीटवरच्या माणसाचे पाय असतात तो कोपरा आणि मागच्या चाकाच्या पाठीमागचा भाग, या दोन ठिकाणी जास्त वेळ घालवा, चाक चिखल उडवतं तो सगळा तिथेच जातो. आणि पाणी येतंय कुठून ते शोधा, हे कोणी करतच नाही. सॉफ्ट टॉपला विंडशील्डच्या खालचं रबर, दरवाजाचं रबर, आणि फ्लोअरची निचऱ्याची भोकं मातीने बुजलेली, यातलं काहीतरी सापडणारच. ते तसंच ठेवून वेल्डिंग केलं तर पाच वर्षांनी मला परत पत्र लिहाल.

बोल्टला दोन-तीन दिवस आधीपासून रोज गंज सोडवायचं तेल मारत राहा. सोडवताना आधी किंचित आवळायच्या दिशेने हलवायचा आणि मग उलटा, एकदम जोर लावला की मुंडी तुटते. नट आत फिरत असेल तर भांडत बसू नका, वरून फ्लोअरला ग्राइंडरने छोटी खिडकी कापा, नटाला पाना लावा, नंतर खिडकी बंद करता येते. नाहीतरी तो भाग तुमच्याकडे बदलायचाच आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. एका वेळी एकच माउंट. मी हे अनुभवावरून सांगतोय. वीसेक वर्षांपूर्वी एका जुन्या जीपचे मी एका बाजूचे तिन्ही माउंट एकदम कापले, म्हटलं एकदाच काय ते होऊन जाईल, सगळं छान वेल्ड केलं, रंग मारला आणि मग बघतोय तर दरवाजा लागेना. बॉडी बोटभर बसली होती. सगळं पुन्हा कापलं आणि त्या मालकाकडून दुसऱ्यांदा मजुरी मागायला तोंड नव्हतं. म्हणून आधी दोन्हीकडच्या दरवाजांच्या फटी मोजून, चेसिसपासून बॉडीची उंची प्रत्येक माउंटजवळ मोजून खडूने तिथेच लिहून ठेवा, मोबाइलवर फोटो काढा. ज्या बाजूचं माउंट चांगलं आहे त्याचं माप प्रमाण धरायचं.

मग बॉडीच्या खाली जाड फळी ठेवून जॅक लावायचा (फळी नसेल तर जॅक फ्लोअरमधूनच वर येईल, आणि गाडी घोडीवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर, असल्याशिवाय खाली झोपायचं नाही), त्या बाजूचे बाकीचे बोल्ट जरा सैल करायचे आणि रबर निघेल इतपतच उचलायचं. उचलताना एक माणूस फक्त बघायला ठेवा: स्टिअरिंगचा जॉइंट, ब्रेकचे पाइप, पेट्रोलची नळी, गिअरचा दांडा, अर्थिंगची वायर, या सगळ्या गोष्टी बॉडी आणि चेसिस दोन्हीला बांधलेल्या असतात आणि जास्त उचललं की त्याच ताणल्या जातात.

कापताना हात आखडता घेऊ नका. चकचकीत पत्रा दिसेपर्यंत कापायचं. गंजावर नवीन पत्रा ठेवून वेल्ड केला तर वेल्ड धरतच नाही, आणि धरलाच तरी शेजारून सडत जातो. पुठ्ठ्याचा नमुना कापून घ्या, त्यावरून पत्रा. माउंटचा बोल्ट बसतो त्या भागाला २ मिलिमीटर, म्हणजे आमच्या भाषेत १४ गेज, आणि आजूबाजूच्या फ्लोअरला १८ गेज पुरे होतो (गेजचा आकडा मोठा तितका पत्रा पातळ). सगळीकडेच जाड घातला तर जुन्या पातळ पत्र्याला तो जुळत नाही, वेल्ड करताना पातळ बाजू जळून भोक पडतं. जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला, पत्रा स्वस्त मिळतो म्हणून कोणी घालत असेल तर नको म्हणा, वेल्ड करताना जस्ताचा धूर निघतो आणि वेल्डरला रात्री थंडी वाजून ताप भरतो. सीआरसीए, म्हणजे बिनमुलाम्याचा साधा गुळगुळीत पत्रा घ्या.

वेल्डिंग को-टूनेच (कार्बन डायऑक्साइड गॅस आणि तारेच्या विजेच्या वेल्डिंगने) करून घ्या. गॅस वेल्डिंगने होत नाही असं नाही, जुन्या मिस्त्रींनी आयुष्यभर तेच केलं, पण त्याने पत्रा फार तापतो आणि वाकतो. को-टूनेसुद्धा सलग ओढत न्यायचं नाही, इंचभर इथे, इंचभर तिथे, मध्ये थंड होऊ द्यायचं. आणि भोकाची जागा चुकू नये म्हणून आधी नवीन तुकडा रबर-बोल्टसकट जागेवर बसवायचा, दोन-चार टाके मारायचे, जॅक सोडून दरवाजा लावून बघायचा. लागला तरच रबर काढून पूर्ण वेल्ड.

याआधी बॅटरी सोडलेली पाहिजे. तुमची ९८ची म्हणजे कार्बोरेटरवाली, ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, जळायची भीती नाही, पण ऑल्टरनेटरचे डायोड जाऊ शकतात. मागच्या माउंटचं काम असेल तर पेट्रोलची टाकी खाली उतरवून लांब न्यायची, ओलं फडकं गुंडाळून चालेल असं कोणी म्हणालं तर गॅरेज बदला. रिकामी टाकी भरलेल्यापेक्षा वाईट, आत वाफ असते.

चेसिसच्या ब्रॅकेटला गंज असेल तर तो कापून नवीन बनवता येतो, तेही ठीक. पण हातोडी चेसिसच्या मुख्य पट्टीवरच भद्द वाजली तर थांबा. तिथे चौकोनी ठिगळ मारून चालत नाही, उभ्या सरळ वेल्डच्या रेषेवरच पुढे तडा जातो, म्हणून प्लेटची टोकं तिरकी, शंकरपाळ्यासारखी ठेवतात. हे काम ट्रकच्या चेसिसचं काम करणाऱ्याकडेच द्या. आणि चेसिस नंबर कोरलेला आहे तिथे ग्राइंडर फिरवू देऊ नका, तुमचं पुढचं पासिंग २०२८ला येईल तेव्हा नंबर वाचता आला नाही तर नसती उठाठेव मागे लागेल.

वेल्डनंतर त्याच दिवशी प्रायमर, दुसऱ्या दिवसावर ढकलायचं नाही, तुमच्याकडे रात्रीत तांबडं होतं. इपॉक्सी प्रायमर, मग सांध्यांवर सीलंट, मग अंडरकोटिंग, आणि बंद पोकळीत आतून मेण. सीलंट लावताना निचऱ्याची भोकं बुजवू नका, उत्साहाच्या भरात हमखास बुजतात. काम दिवाळीनंतर ते मार्चपर्यंत उरकून घ्या. आणि गॅरेजवाल्याशी पैसे ठरवताना “पूर्ण कामाचे” असे ठरवू नका, एका माउंटचे इतके असे ठरवा, कारण किती सडलंय ते कापल्यावरच कळतं आणि मग दोघांचीही तोंडं वाकडी होतात.

बाबांना सांगा, गाडी विकायची नाही. फ्लोअर उघडाल तेव्हा त्यांना खुर्ची टाकून शेजारी बसवा, कुठे काय कधी बदललं ते त्यांनाच माहीत असणार.

प्रश्न: माझ्या जुन्या बोलेरोला पत्रा चांगला आहे पण बॉडी रबर चेपलेत. दुकानदार पॉलियुरेथेनचे घ्या म्हणतो, आयुष्यभर जात नाहीत म्हणे. आणि सोबत जाड चकती टाकून बॉडी दोन इंच वर घेऊ का, मोठे टायर बसतील?
(कोल्हापूर)

उत्तर: पॉली टिकतात हे खरं, पण कडक असतात, रबर जे हादरे खातं ते हे बॉडीत पाठवतात. डिझेलच्या बोलेरोत आधीच काय कमी थरथर आहे. रोजच्या वापराला कंपनीचे रबर टाका, मधली लोखंडी नळी गंजून पातळ झाली असेल तर तीही नवी घ्या, कारण बोल्ट किती आवळायचा ते ती नळी ठरवते. नळी नसेल तर रबर पार चेपून जातं. दोन इंचाच्या चकत्यांचं म्हणाल तर बोल्ट लांब लागतात, स्टिअरिंगचा दांडा, गिअरचा दांडा, सगळ्यांचे कोन बदलतात, आणि कायद्याने तो गाडीत केलेला बदल ठरतो, अपघात झाला तर विमा कंपनी आधी तिथेच बोट ठेवेल. मी नाही करणार.

प्रश्न: सर्व्हिसिंगनंतर आमच्याकडे खालून डिझेल किंवा जुनं इंजिन ऑइल मारून देतात, गंज लागत नाही म्हणतात. मारू द्यावं का?
(मालवण)

उत्तर: पत्र्याला थोडे दिवस फायदा होतो, नाही म्हणत नाही. पण तेच तेल सगळ्या रबरांवर बसतं, बुश, म्हणजे सांध्यांतली रबरं, फुगून मऊ पडतात, बॉडी रबर त्यातच आले. वर धूळ चिकटून राडा होतो, आणि पहिल्याच पावसात ते काळं ऑइल धुऊन तुमच्याच अंगणात, विहिरीकडे. त्यापेक्षा महिन्यातून दोनदा गोड्या पाण्याने खालून प्रेशर मारून धुवा, ब्रॅकेटच्या वरच्या बाजूला नोझल घालून, माती तिथे असते, आणि धुतल्यावर गाडी लगेच शेडमध्ये न लावता एक चक्कर मारून वाळवून आणा.