कुलूप लावून वावरात जाणारी माय

घरी दिव्यांग लेकरू असलेल्या आया समोर बसल्या की थोड्या वेळानं एक प्रश्न येतोच. यवतमाळकडच्या एका काकूंनी तो असा विचारला, "त्याले घरात कोंडून कापूस येचाले जातो. मी पाप करून रायली का वो ताई?"

लेक 19 वर्षांचा. बौद्धिक अक्षमता, त्यात फिट येतात. नवरा वारलेला. वेचणीची मजुरी किलोवर, म्हणजे गेलं नाही तर त्या दिवसाचं काहीच नाही. निघण्याआधी काकू चूल पाणी मारून विझवत, विळा माळ्यावर टाकत, पाण्याचा ड्रम पालथा घालत, ताटलीत पोहे झाकून ठेवत आणि बाहेरून कुलूप लावत. इतकं बारीक ध्यान ठेवणारी बाई निष्काळजी कशी?

पण पहिल्या भेटीत मी शहाणपणा केला. "कुलूप काढावंच लागेल काकू, आत फिट आली तर?" त्यांनी मान डोलावली आणि पुढचे दोन महिने फिरकल्या नाहीत. फिट आली तर काय, हे रोज कुलूप लावताना त्यांच्याच पोटात कालवत असणार. मी नवीन काय सांगितलं होतं?

परत आल्या तेव्हा पोराच्या कपाळावर तीन टाके होते. या वेळी मी फक्त विचारत गेले. किती वाजता निघता, येता कधी, गोळ्या कोण देतं? तेव्हा कळलं, की चार-आठ दिवस फिट आली नाही की गोळ्या बंद व्हायच्या. पुरवून वापरायच्या म्हणून. कारण दवाखान्यातून पंधरा दिवसांच्याच मिळत आणि त्या आणायला एक मजुरी बुडे. फिटच्या गोळ्या अशा मध्येच सोडल्या तर झटके वाढतात. डॉक्टरांशी बोलून महिन्याच्या गोळ्या एकदम लिहून घेतल्या. मला विचाराल तर त्या वर्षातली सगळ्यात मोठी सुधारणा हीच, आणि तिला एक पैसाही लागला नाही.

मग कुलपाकडे वळलो. शेजारच्या आजी दिवसभर घरीच, पण "कोनाचं उपकार नको," यावर काकू अडून. मी म्हटलं, उपकार नको, सावड करा. पेरणीला करता तशी. आजींचं दळण आणि पाणी काकूंनी आणायचं, दुपारी पोराजवळ आजींनी बसायचं. आजींना भीती फिटची. म्हणून शिकवायला मीच त्यांच्या ओसरीवर फिट आल्यासारखी आडवी पडले. कुशीवर वळवायचं, डोक्याखाली घडी केलेलं लुगडं, तोंडात चमचा घालायचा नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत, कांदा-चप्पल हुंगवायची नाही. झटका पाच मिनिटांवर गेला तर गाडी बोलवायची. आजींनी मला तीनदा वळवलं, चौथ्यांदा म्हणाल्या, "लय जड हाय वो तू."

कागदांचं थोडक्यात सांगते, कारण हे प्रत्येक घराला लागतं. आधी युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगत्वाचं सरकारी ओळखपत्र. त्याशिवाय बाकीची दारं उघडत नाहीत. निरामय आरोग्य विमा बौद्धिक अक्षमता, सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम आणि बहुविकलांगता यांच्यासाठी आहे. वर्षाला 1 लाखापर्यंत, त्यात बाह्यरुग्ण उपचार आणि थेरपीही येते. एसटीत पोराला सवलत. काकूंचं अर्धं तिकीट तर 2023 पासून सगळ्या बायकांसारखं आहेच. आणि एक गोष्ट बहुतेक आईबापांना बँकेच्या खिडकीवरच कळते: मूल 18 वर्षांचं झालं की कायद्यानं आई आपोआप पालक राहत नाही. राष्ट्रीय न्यास अधिनियम, 1999 नुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे पालकत्वाचा अर्ज करावा लागतो. काकूंचा केला आहे. तीन खेपा झाल्या, चौथीची तारीख मिळाली आहे.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात, ज्यांना जास्त आधार लागतो त्यांच्यासाठी काळजीवाहक भत्त्याचा उल्लेख आहे. काकूंनी ऐकलं आणि विचारलं, "भेटते कोठी?" मला उत्तर देता आलं नाही. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नाचे 5 टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात, पण छोट्या गावाचं उत्पन्न ते किती! ग्रामसभेत काकूंना उभं केलं. त्या एवढंच बोलल्या, "संडासात पोरगं पडते, धराले दांडी द्या." दांडी बसली.

कुलूप पूर्ण सुटलेलं नाही. आजी बाजाराला गेल्या की लागतं, तेही दोनेक तास, आणि दुसरी किल्ली आता समोरच्या दुकानात असते. मागच्या खेपेला काकू आल्या तेव्हा पापाचा विषयच निघाला नाही. पोरगा आजींसोबत तुरीच्या शेंगा सोलायला बसतो म्हणाल्या. "निम्म्या तोच खाते."